सहावे कार्ड

धंतोलीच्या वळणावर सायकलरिक्षाची चेन पडली म्हणून शामलाला तो दिसला. नाहीतर रिक्षा तशीच पुढे गेली असती, डोळ्याच्या डॉक्टरांकडे वेळेत पोचली असती आणि त्या दुपारी काहीच झाले नसते. रिक्षावाला खाली उतरून काळ्या बोटांनी चेन चढवत होता. आई, जिजाबाई, एका डोळ्यावर हिरवी झापड घेऊन शेजारी बसली होती आणि दुसऱ्या डोळ्यानेही धड दिसत नसल्यामुळे पुन्हापुन्हा विचारत होती, "काहून थांबला वं हा?" एप्रिलचे ऊन डांबरावर उकळत होते. रस्त्याच्या पलीकडे लाकडाची वखार होती. वखारीच्या अंगाने एक बोळ मागे जात होता आणि त्या बोळाच्या तोंडाशी नळखात्यातला धोंडबा चावीवाला उभा होता. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी त्याने जमिनीत उतरवली होती, तिच्या आडव्या मुठीला कान लावला होता आणि डोळे मिटले होते. मग त्याने अर्धा आटा फिरवला, पुन्हा ऐकले, आणि मान वर करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतले. ते पाहून घेणे शामलाला खटकले. तिने मनगटावर नजर टाकली. दोन वाजून दहा मिनिटे. चेन चढली, रिक्षा हलली, आणि वीसेक पावले गेल्यावर तिच्या ध्यानात आले, की त्या जागी व्हॉल्व्ह नाही. नकाशावर तिथे काहीच नाही.

नकाशा तिला पाठ होता. गेले चार महिने ती त्याच्याशीच बोलत होती. ती गणिती म्हणून काम करत होती त्या संशोधन संस्थेने शहराच्या या भागाचे उन्हाळ्यातले पाणी हाती घेतले होते: टेकडीवरच्या टाकीतून निघणारे पाणी कुठल्या पाइपातून किती जाते, कुठला पाइप अरुंद पडतो, कुठला व्हॉल्व्ह किती वेळ उघडला तर दवाखान्यांना आणि मोहल्ल्यांना मिळून जास्तीत जास्त पाणी पोचेल. पाइप म्हणजे रेघा, जिथे पाइप मिळतात त्या गाठी. प्रत्येक रेघेला तिच्या पोटात मावेल तेवढीच मर्यादा, आणि प्रत्येक गाठीला एकच नियम, की जेवढे आत आले तेवढे बाहेर गेले पाहिजे. या नियमावर शामलाचे प्रेम होते. माणसांच्या बाबतीत तो कधी पाळला गेलेला तिने पाहिला नव्हता. फेब्रुवारीत धोंडबानेच तिला सगळीकडे फिरवले होते. तो सायकलवर पुढे, ती जीपमध्ये मागे. प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे तो तोंडपाठ सांगे आणि ती वहीत लिहून घेई. "कागदावर पानी सरळ जाते मॅडम," तो एकदा म्हणाला होता, "जमिनीत गेलं का मंग त्याले कोनी पाहून नाही राह्यलं." तेव्हा तिला हसू आले होते. आता डॉक्टरांच्या बाकावर बसून ते वाक्य तिने पुन्हा तपासले आणि त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्याने तिला एक्केचाळीस व्हॉल्व्ह दाखवले होते. बेचाळिसावा दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने प्रवाहमापकाचे जुने तक्ते काढले. गोल कागदावर निळ्या शाईचे पेन आठवडाभर फिरत असते आणि पाणी कमी झाले की रेघ आत वळते. सतरा नंबरच्या गाठीपाशी आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी जुळत नव्हते हे तिला ठाऊक होते. ती तफावत तिने गळती म्हणून सोडून दिली होती, सगळेच सोडतात. आता भिंग घेऊन पाहिले तर रेघेला एक बारीक दात पडलेला होता. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी, दोन दहाला सुरू, दोन पन्नासला बंद. नऊ आठवडे, अठरा दात. गळतीला वार कळत नाहीत. चाळीस मिनिटांत सुमारे सहा हजार लिटर. एवढ्यात एक टँकर भरतो. वखारीच्या मागे टँकर उभा राहू शकतो, असे मनात आले, आणि मग तो तिथे उभा राहिलाच. त्याचा रंगसुद्धा तिला दिसला.

संशय तिला नवा नव्हता. शाळेत जायच्या आधीपासून तो तिच्या अंगात होता. उमरेडकडच्या त्यांच्या गावी, विहिरीला हात लावायची सोय नव्हती तेव्हा, आईबरोबर ती खाली दगडावर भांडी घेऊन बसायची. वर पाणी काढणाऱ्या बाया यायच्या आणि त्यांच्यापैकी एकीला दया आली तर ती वरून ओतायची. ओतणाऱ्या बाईचे मनगट किती वाकते, यावर त्या दिवसाचा स्वयंपाक ठरायचा. शामला सहा वर्षांची होती. तिने घरामागच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायला सुरुवात केली: आपल्या घरी किती घागरी, शेजारच्या वच्छलाकाकूकडे किती. तीन आठवडे रेघा मारल्यावर तिला कळले, की जिची सासू ओतणारीच्या शेतावर निंदायला जाते तिला दर वेळी एक घागर जास्त मिळते. तिने वडिलांना हाताला धरून भिंतीपाशी नेले. रामाजींनी रेघा मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि म्हणाले, "बराबर हाये बाई. पन दाखवशील कोनाले?" त्यानंतर पाच वर्षांनी, छप्पनच्या ऑक्टोबरात, त्यांनी पांढरे कपडे घालून सगळ्या घरालाच नागपूरला आणले आणि पुन्हा परत नेले नाही. पण तो प्रश्न तिच्याबरोबर शाळेत आला, कॉलेजात आला, गणिताच्या एम.एस्सी.च्या परीक्षेत शेजारी बसला. आता पहिल्यांदाच तिच्याजवळ रेघाही होत्या आणि दाखवायला माणसेही होती.

संस्थेतल्या तिच्या विभागाचे प्रमुख कृष्णकांतजी परदेशातून एक विद्या शिकून आले होते. संगणकाच्या यंत्राला विधाने द्यायची, आणि जे सिद्ध करायचे त्याच्या उलट विधान त्यात मिसळायचे. यंत्र विधानाला विधान घासत जाते, एकमेकांना खोडणारी खोडते, आणि शेवटी काहीच उरले नाही तर उलट विधान खोटे ठरते. त्या काहीच न उरण्याचा छापील कागदावर एक रिकामा चौकोन उमटतो. वर्षभर ते दोघे त्याची खेळणी करत होते, सगळे कावळे काळे वगैरे. शामलाने गुरुवारी सकाळी यंत्राला वाचता येणारी भोकांची कार्डे पंच केली, एका कार्डावर एक विधान. एक: गाठीत आले तेवढे गेले पाहिजे. दोन: गळती अखंड असते. तीन: हे पाणी दोनच वारी जाते. चार: त्या वारी, त्या वेळी धो, म्हणजे धोंडबा, त्या जागी चावी फिरवतो. पाच: चावीशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. सहा: पाणी घेणारा प्रत्येक जण नकाशावर आहे, नकाशावर जिथे कोणी नाही तिथे कोणी नाही. सात: जिथे घेणारे कोणी नाही तिथे सोडलेले पाणी चोरून विकलेले असते. आणि आठवे कार्ड उलटे, धो निर्दोष आहे. यंत्राच्या खोलीत वातानुकूलनाचा गारवा होता. दंडावर काटा आला. प्रिंटर खडखडला. अकराव्या पायरीला चौकोन.

कृष्णकांतजी कागद हातात घेऊन लहान पोरासारखे खोलीभर फिरले. "एस. आर., ही खेळणी नाहीत आता! खरा माणूस, खरा गुन्हा. दिल्लीच्या परिषदेला पाठवू. तुमचे नाव पहिले." मग थांबून म्हणाले, "एवढी धार असेल तुमच्यात, वाटलं नव्हतं हो." ते कौतुकच होते. तरी 'वाटलं नव्हतं' तिने नेहमीप्रमाणे बाजूला काढून ठेवले, नंतर पाहायला.

नळखात्याचे इंजिनिअर आनंदराव कृष्णकांतजींकडून कळताच त्याच संध्याकाळी फोनवर आले. आवाजात पान होते. "मले पहिलेपासून डाउट होता, मॅडम. हा धोंडबा चहा पाजला तं पीत नाही, असा मानूस कधी साफ राह्यते काय? तुम्ही सोमवारी लेखी द्या. तुमच्या कम्प्युटरचा कागद जोडा. बावीस वर्षांची नोकरी असो का बत्तीस, मंगळवारी घरी बसवतो."

तिला रात्री बरे वाटायला हवे होते. आईच्या डोळ्यात औषध घालताना तिचा हात नेमका चालला, चार थेंब, चार मिनिटांच्या अंतराने. पण चहा न पिणारा माणूस साफ कसा असेल, हा तर्क कानात राहिला. तो चुकीचा होता हे उघडच होते. आपला बरोबर होता. तरीही दोघांच्या शेवटी तोच चौकोन. शुक्रवार उद्याच होता. मोजल्याशिवाय लिहायचे नाही अशी तिची शिस्त होती, आणि टँकर तिने अजून डोळ्यांनी पाहिला नव्हता.

शुक्रवारी दोन वाजता, धोंडबा यायच्या आधी, ती वखारीच्या सावलीत छत्री मिटून उभी राहिली. बोळ तिला वाटला होता त्यापेक्षा लांब निघाला. वखार संपल्यावर एक पडकी भिंत होती, कधीकाळच्या जिनिंग फॅक्टरीची, आणि भिंतीपलीकडे, नदीच्या उतारावर, घरे. पत्र्याची, तट्ट्यांची, काही कच्च्या विटांची. ती साठ असतील. भिंतीतून मनगटाएवढा पाइप बाहेर आला होता आणि त्याच्यासमोर भांड्यांची रांग होती. हंडे, डबे, मोटारतेलाचे घासलेले पिंप. बाया रांगेत नव्हत्या, भिंतीच्या बोटभर सावलीत पाठी टेकून बसल्या होत्या. दोन दहाला पाइप खाकरला, आधी लाल पाणी ओकला, मग साफ धार लागली. कोणी धावले नाही. पहिल्या दोघी उठल्या. प्रत्येक घराच्या पाच भांड्यांपुढे पाळीची खूण म्हणून एक खडा होता, आणि भांडी भरली की खडा पुढे सरके.

टँकर नव्हता.

"कोन पाह्यजे?" एक चाळिशीची बाई पुढे आली होती. तिचे नाव कांताबाई हे नंतर कळले. शामलाची छत्री, चष्मा, चप्पल अशा क्रमाने तिने पाहिले. "मोजाले आल्या काय? मागच्या साली बी येक आलता मोजाले. मोजून गेला, तो गेलाच."

"हे पाणी किती दिवसांपासून येतं?"

"पानी नाही येत. आनते तो." मागून कोणी हसले. "जिनिंग होती तवाची लाइन हाये म्हनते. जिनिंग बंद पडली, लाइन राह्यली खाली. त्याच्या उस्तादानं दाखवली होती त्याले."

"त्याला तुम्ही काय देता?"

कांताबाईने तिच्याकडे नीट पाहिले. "काय देतो? माया हातचा चहा बी पीत नाही बापा तो. म्हने, चहाले पानी लागते, ते पोराले पाजा. वरतून आमच्यावरच गरम होते, खडा कोनी पाळीआधी सरकवला म्हून. मंगळवारी मले बोलला सगळ्यादेखत." मग आवाज बदलून, "काहून बाई? त्याचं काही झालं काय?"

"नाही," शामला म्हणाली. बायांनी ते मानले नाही हे तिला दिसले. तिलाही त्यांचे सगळे पटले नव्हते. शिकवलेले असेल. रोज कोणीतरी येऊन विचारणार हे माहीत असले की उत्तरे तयार असतात. गावात तिच्या घरच्यांचीही असत. ती उभ्या उभ्या भागाकार करू लागली. सहा हजार लिटर, साठ घरे, शंभर लिटर, वीस लिटरची पाच भांडी. थेंब उरत नव्हता. विकायला शिल्लकच राहत नव्हती. मग तिला उन्हात एकदम गार वाटले, यंत्राच्या खोलीतल्यासारखे. सहावे कार्ड. ते पंच करताना तिचा हात थांबलासुद्धा नव्हता. बाकीची विधाने तिने मोजून, तपासून, भिंगाखाली धरून लिहिली होती. हे आपोआप आले होते, वहीच्या समासासारखे. नकाशावर जिथे कोणी नाही तिथे कोणी नाही. चार महिने तिने हेच धरून पाइपांची गणिते सोडवली होती आणि ती सुटली होती. आणि हे तिने लिहिले होते. उमरेडकडच्या कुठल्याही नकाशावर त्यांचा मोहल्ला नव्हता.

शनिवारी ती आनंदरावांच्या खोलीत गेली. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेले होते, पंख्याबरोबर वास येत होता. "समजा," ती म्हणाली, "एखादी जुनी लाइन असली, नकाशावर न आलेली, आणि तिच्यावर वस्ती असली. तर?"

"तर बंद करून टाकाची. सोपं हाये."

"माणसं असली तरी?"

"मॅडम, तुम्हीच तं शिकवलं आम्हाले," आनंदराव हसले. "जे नकाशावर नाही ते नाहीच. मंजूर नसलेली वस्ती आज धरली तं उद्या पन्नास उभ्या राह्यतात. काहून, सापडली काय अशी लाइन?" त्यांचे हसू तसेच होते पण डोळे आता तिच्यावर होते.

ती म्हणाली, "समजा म्हटलं."

रविवारभर ती कागद घेऊन बसली. खरे लिहिले तर धोंडबा सुटतो आणि आठवड्यात पाइपाच्या तोंडात सिमेंट. खोटे, म्हणजे जे यंत्राने सिद्ध केले ते, लिहिले तर धोंडबा जातो, त्याच्या जागी जो येईल त्याला लाइन ठाऊक नसेल, पाइप तसाही कोरडा. न लिहिणे शक्य नव्हते. आनंदराव वाट पाहत होते, आता तर जास्तच. जाळ्यात प्रवाह तोडायचा असेल तर कुठल्या रेघा कापल्या की सगळ्यात कमी नुकसान होते, हे काढायची एक रीत तिला येत होती. ती तिने लावून पाहिली. उत्तर पहिल्या फटक्यात आले आणि ते तिला आवडले नाही, म्हणून तिने पुन्हा केले. एकच रेघ कापायला मिळत होती, आणि ती पाइपाची नव्हती. तिची.

सोमवारी तिने नळखात्याला दिले ते पत्र चार ओळींचे होते. सतरा नंबरच्या गाठीवरील मापकाचे पेन सदोष असून नोंदींमधील खंड हा उपकरणाचा परिणाम आहे. त्यावर आधारलेला माझा निष्कर्ष चुकीचा होता. मी तो मागे घेते. सही. कृष्णकांतजींनी त्याची प्रत दोनदा वाचली. "पेन? नेमकं मंगळवार-शुक्रवारी बिघडणारं पेन?"  कागदाची घडी घालत ते दयेने म्हणाले, "होतं असं. घाई केलीत. दिल्लीचं आपण राहू देऊ." ती दया तिने ओळखली. वरून ओतलेली होती. व्हरांड्यात दोघे सहकारी बोलायचे थांबले. त्यांच्या मनात कितीतरी वर्षे सिद्धतेवाचून पडलेले एक विधान, की हिला हे जमायचे नाही, ते तिने आज स्वतःच्या सहीने सिद्ध करून दिले होते.

त्याच दिवशी चार वाजता धोंडबा आला. दारातच उभा राहिला. टोपी हातात, सदरा पाठीला चिकटलेला. बस म्हटले तरी बसला नाही.

"तुमी लेखी देनार होत्या म्हने माह्यावर."

"हो."

"मंग काहून नाही देल्लं?"

"हिशोब चुकला होता."

"नाही चुकला." तो शांतपणे म्हणाला. "मंगळवारी रिक्षात तुमीच होत्या. शुक्रवारी भिताडापाशी बी तुमीच. कांताबाईनं सांगतलं, चष्मेवाली, छत्रीवाली. तुमाले सगळं समजून गेलं हाये. मंग पेन खराब हाये म्हून काहून लिवलं?"

"वस्तीचं पाणी बंद झालं असतं."

"मंग?" तो म्हणाला. "तुमाले काय त्याचं?" त्यात उद्धटपणा नव्हता. तो खरेच विचारत होता. "तुमचं कोनी राह्यते काय तिथं?"

"नाही."

"इंजिनिअरसायबानं पाठवलं काय? रंगे हात पकडाचं हाये, असं?"

"नाही, धोंडबा."

तो मनातल्या मनात एकेक कारण उचलून, उलटे करून, खाली ठेवत होता. ती रीत तिला चांगली माहीत होती. तो बरोबर पायऱ्या घेत होता आणि कुठल्याच पायरीला तिच्यावर विश्वास ठेवायचे कारण त्याला सापडत नव्हते. "उद्या मंगळवार," तो शेवटी म्हणाला. "मी जात नाही उद्या. आठ-पंधरा दिवस जात नाही. पाह्यतो अगोदर, कोन कोन येते तिथं ते."

"पंधरा दिवस? या उन्हात?"

"मंग काय करू? बावीस साल झाले माहे."

शामलाला वाटले, एवढे कापून झाल्यावरही पाणी थांबलेच. तिने समोरचा कोरा कागद ओढला. मराठीत लिहिले, मोठ्या अक्षरांत, त्याला वाचता येईल असे: वखारीमागची जुनी लाइन मला माहीत आहे. ती चालू राहावी म्हणून मी खात्याला जाणूनबुजून खोटे लिहून दिले आहे. खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे धरला. "हा तुमच्याजवळ ठेवा. मी फिरले तर दाखवा. माझी नोकरी जाईल."

त्याने कागद उजेडाकडे धरून ओठ हलवत वाचला. दोनदा. मग परत टेबलावर ठेवला आणि सहीवर बोट टेकवले. "हे इंग्रजी कोंबडं चालत नाही. पुरं नाव लिवा. बापाच्या नावासगट. आन् तारीख."

तिने लिहिले. शामला रामाजी मेश्राम. संस्थेत ती चौदा वर्षे नुसती एस. आर. होती, आडनावाशिवाय. आडनावावर आल्यावर त्याचे बोट थांबले, आणि माणसांची बोटे तिथे थांबतात तेव्हा ती जे करत आली होती तेच तिने केले, मान न हलवता त्याचा चेहरा वाचू लागली. त्यात काहीतरी हलले. काय, ते तिला ठरवता आले नाही. त्याने वर पाहिले नाही. कागदाची बारीक घडी घालून टोपीच्या अस्तरात सारली, टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली.

"तुमी बी या मंग उद्या," दारातून तो म्हणाला. "तुमच्यासमोरच खोलतो. दोन वाजून धा मिनिटं. लेट करू नका, बाया उन्हात राह्यतात."